खंजिरीभजन आणि ध्वनिमुद्रित गीत : समूहस्वराचा प्रश्न

मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात गीत प्रवेश करते ते कवितेचा एक उपप्रकार म्हणून. वृत्तपत्रांच्या स्तंभांत ते येते नव्या ध्वनिमुद्रिकेची किंवा एखाद्या गायकाच्या दौऱ्याची वार्ता म्हणून. पहिल्या ठिकाणी चाल गळून पडते. दुसऱ्या ठिकाणी चालीची, गळ्याची आणि वाद्यमेळाची चर्चा विपुल होते. परंतु हे गीत मुळात कोणी म्हणावयाचे, एकट्याने की अनेकांनी, हा प्रश्न दोन्हींकडे सहसा उपस्थित होत नाही. वर्धा जिल्ह्यात बसून लोकप्रिय संगीताविषयी लिहू पाहणाऱ्यास मात्र तो टाळता येत नाही. या जिल्ह्याच्या गावोगाव ऐकू येणारा गानप्रकार, म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे खंजिरीभजन, समूहस्वरावाचून उभाच राहत नाही.

गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेर शेगावी राहावयास आले; १९४० पासून त्या गावास सेवाग्राम हे नाव मिळाले. त्याच १९३६ साली तुकडोजी महाराज गांधीजींच्या निमंत्रणावरून तेथे आले व सुमारे महिनाभर राहिले. या मुक्कामाचे वर्णन चरित्रकार दोन सत्पुरुषांची भेट या दृष्टीने करतात. संगीताच्या अभ्यासकास त्यात दुसरेही काही दिसावयास हवे. सामुदायिक गायनाच्या दोन अगदी भिन्न पद्धती तेथे एकाच अंगणात आल्या होत्या. आश्रमाच्या प्रार्थनेमागे पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांची शिस्त होती. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांनी साबरमतीस असताना ‘आश्रम भजनावली’ सिद्ध केली, आणि तीत भजनांसोबत राग व ताल यांचे निर्देश केले. हे समूहगायन शिकवून आलेले, संथ आणि स्वर न ढळू देण्याची दक्षता बाळगणारे होते. त्यासमोर आली ती वऱ्हाडातील जत्रांत आणि मठांत घडलेली, लयीने अंगात भिनणारी, श्रोत्यास स्वस्थ बसू न देणारी खंजिरी. शास्त्र कोणाकडे होते हे उघड आहे. गर्दी कोणाकडे होती हेही तितकेच उघड आहे.

खंजिरी हे वाद्य दिसावयास क्षुल्लक आहे. लाकडी कड्याच्या एका बाजूस चामडे मढविलेले, कड्याच्या खाचांत धातूच्या चकत्या बसविलेल्या, आणि सर्व मिळून एका हातात मावणारे. त्यातून तालाचा ठोका आणि झांजेचा झणत्कार एकाच वेळी निघतात. म्हणजे मृदंग आणि टाळ ही वारकरी कीर्तनातील दोन कामे एकच माणूस करतो, आणि तोच गातोही. यामुळे लय सर्वस्वी म्होरक्याच्या हाती राहते. भजनाची रचना याच सोयीवर बेतलेली असते. लहानसे ध्रुवपद, त्यास समूहाची साथ, आटोपशीर अंतरे, अखेरच्या कडव्यात ‘तुकड्यादास’ ही नाममुद्रा. समूह ध्रुवपद घेत असता म्होरक्या लय चढवितो, क्वचित एकदम उतरवितो, आणि पुढचा अंतरा केव्हा उचलावयाचा हे समोरच्या चेहऱ्यांकडे पाहून ठरवितो. कोणते भजन किती वेळ चालेल हे त्यामुळे आधी सांगता येत नाही. छापील पानावर चार कडव्यांत संपणारी रचना सभेत किती लांबेल, याचा निर्णय सभाच करते.

या भजनांवर एक आक्षेप वारंवार घेतला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. चाली उसन्या आहेत, असे म्हटले जाते. महाराजांच्या हिंदी भजनांच्या छापील संग्रहांत रचनेच्या आरंभी ‘तर्ज’ म्हणून दुसऱ्याच एखाद्या परिचित गीताचा निर्देश आढळतो. विद्वानास यात कल्पकतेचा अभाव दिसतो. आमच्या मते येथे निकष चुकतो. रात्री दहा वाजता एखाद्या खेड्याच्या पारावर जमलेल्या, अक्षरओळख नसलेल्या समुदायास नवे शब्द म्हणावयास लावावयाचे असतील, तर चाल त्यांच्या कंठात आधीपासून असावयास हवी. उसनी चाल ही येथे स्वरलेखनाचे काम करते. शब्द नवे, म्हणून लक्ष शब्दांकडे जाते. चाल जुनी, म्हणून तोंड उघडावयास संकोच वाटत नाही. अर्थात याची किंमतही मोजावी लागली आहे. उसन्या चालीच्या साच्यात बसविताना अनेक ठिकाणी शब्द ओढाताणीने आले आहेत, उपदेश सरळ गद्यावर उतरला आहे, आणि एकामागून एक दहा भजने वाचली असता एकसुरीपणा जाणवल्यावाचून राहत नाही. ‘ग्रामगीते’च्या ४१ अध्यायांतील ओवीत जो सैलपणा खुलतो, तो येथे खुलत नाही. पण ‘वाचली असता’ या शब्दांतच आमच्या तक्रारीचे निम्मे उत्तर आहे.

या गाण्याचे सामर्थ्य केवढे होते, याची कसोटी जिल्ह्याच्या इतिहासातच लागली. १६ ऑगस्ट १९४२ रोजी वर्धा जिल्ह्यातील आष्टी आणि चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे लोक ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठले, आणि रक्त सांडले. त्याच महिन्यात महाराजांस अटक होऊन नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले. एखादे भजन ऐकून माणूस पोलीस ठाण्यावर चालून जातो, असा सरळ कार्यकारणभाव मांडणे उथळपणाचे होईल. १९४२ च्या उठावामागे कारणे अनेक होती. तरी एवढे म्हणता येते की वर्षानुवर्षे एका सुरात ध्रुवपद म्हणण्याची सवय झालेला समुदाय आणि एकेकटे श्रोते यांत फरक असतो, आणि सरकारने तो आपल्या अभ्यासकांपेक्षा लवकर ओळखला.

आता ध्वनिमुद्रणाकडे वळू. मिनिटास ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे मिळत. मराठी भावगीताचा आकार या मर्यादेतच घडला, आणि ती त्यास मानवली, कारण भावगीत हे एका व्यक्तीचे मनोगत आहे. खंजिरीभजनास ही मर्यादा मानवणारी नव्हती. पुढे दीर्घवादी तबकडी आली, कॅसेट आली, आता तर काळाची मर्यादाच उरलेली नाही. परंतु ध्वनिमुद्रित भजनाचा घाट भावगीताचाच राहिला आहे. तयार गळ्याचा गायक, विद्युत्-वाद्यांची पार्श्वभूमी, मागे चार-सहा कंठांचा सुरेल कोरस, ध्रुवपदाच्या ठरावीक आवृत्त्या, आणि शेवट. ऐकावयास ते गोड असते. यातील कोरस मात्र सभेची जागा घेऊ शकत नाही. तो कधी चुकत नाही, मागे राहत नाही, आणि गायकास थांबवून ठेवीत नाही. घरोघर सकाळी अशी मुद्रणे लागतात तेव्हा घरातील माणसे त्यांवर म्हणत नाहीत; ती चहा घेतात.

‘गीतरामायणा’चे उदाहरण या संदर्भात उद्बोधक ठरावे. १ एप्रिल १९५५ या रामनवमीच्या दिवशी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ते सुरू झाले आणि सुमारे वर्षभरात त्याची ५६ गीते प्रसारित झाली. ग. दि. माडगूळकरांनी ती वेगवेगळ्या पात्रांच्या मुखी घातली आहेत, आणि मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, राम फाटक अशा अनेकांनी ती गायिली. म्हणजे ती बहुस्वर कृती होती. पुढे सुधीर फडके यांनी गावोगाव कार्यक्रम करून सारी पात्रे एकट्याच्या आवाजात उभी केली, त्याच आवाजात ती ध्वनिमुद्रित झाली, आणि आज ‘गीतरामायण’ म्हटले की सामान्य रसिकास बाबूजींचाच स्वर आठवतो. फडक्यांच्या गायनाची थोरवी आम्हांस निःसंशय मान्य आहे; स्पष्ट शब्दोच्चाराचा असा दुसरा धडा मराठी गायनात विरळा. पण दौरा आणि तबकडी यांनी मिळून एका बहुस्वर कृतीचे एकस्वर कृतीत रूपांतर केले, आणि त्याबद्दल आपल्याकडे कोणास फारसे काही वाटले नाही, हीही वस्तुस्थिती आहे.

येथे कोणी म्हणेल की हा ध्वनिमुद्रणाचा अटळ परिणाम होय. तसे नाही, हे दाखविणारे उदाहरण वर्ध्यापासून फार दूर शोधावे लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि तेथे दरवर्षी भरणाऱ्या मेळाव्यात पुस्तकांच्या दुकानांशेजारी भीमगीतांच्या कॅसेटी, नंतर सीडी, विकल्या जाऊ लागल्या. वामनदादा कर्डक यांच्यासारखा कवी-गायक गावोगाव फिरून गात असे. त्याची गीते इतर गायनपार्ट्या उचलीत. या परंपरेत ध्वनिमुद्रिका मेळाव्यातून निघून वस्तीत जाते आणि पुढच्या जयंतीस त्याच गीताच्या रूपाने पुन्हा मेळाव्यात येते. वस्तीतील मुले ती ऐकतात ती म्हणावयास शिकण्यासाठी. यंत्र तेच, पण त्याचा उपयोग गुरूसारखा होतो. खंजिरीभजनाच्या ध्वनिमुद्रणास हे का साधले नाही? मुद्रण करणाऱ्यांनी भजन ही वस्तू ऐकावयाची मानली, एवढेच कारण आम्हांस पुरेसे वाटते.

अलीकडील चित्रपटसंगीताच्या भव्य कार्यक्रमांकडे पाहिले असता प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. अजय-अतुल यांनी ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटाचे संगीत अमेरिकेत सिंफनी वाद्यवृंदाच्या साहाय्याने ध्वनिमुद्रित केले, आणि त्यातील ‘झिंगाट’ लग्नाच्या वरातीपासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत सर्वत्र पोहोचले. अशा गायकांच्या जाहीर कार्यक्रमांत गायक ध्वनिक्षेपक श्रोत्यांकडे वळवितो आणि हजारो कंठ एकाच वेळी गाऊ लागतात. समूहस्वर परत आला, असे क्षणभर वाटते. नीट ऐकल्यास ध्यानात येते की हा समूह मुद्रणाची नक्कल करीत आहे. वाद्यांच्या मधल्या जागासुद्धा तो तोंडाने भरतो. त्याने लय चढविली तर वाद्यवृंद त्याच्यामागे जाणार नाही, कारण तालाचे ठोके आधीच यंत्रात बांधलेले असतात. आनंद खरा आहे, त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र खंजिरीपुढच्या सभेस जो अधिकार होता, तो या सभेस नाही.

आर्वी, आष्टी, कारंजा या भागांत श्रीगुरुदेव सेवामंडळाची भजनी मंडळे आजही आहेत. नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यात मोझरीचा गुरुकुंज आश्रम आहे, जेथे ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे निधन झाले. नागपूर विद्यापीठास २००५ साली महाराजांचे नाव देण्यात आले, आणि ‘ग्रामगीते’वर प्रबंध लिहिले जातात. भजनांच्या सांगीतिक बाजूवर त्या मानाने फारच थोडे लक्ष गेले आहे. निदान एक काम मराठी आणि संगीत या दोन विभागांनी मिळून हाती घ्यावे. छापील संग्रहांतील आणि मंडळांच्या हस्तलिखित वह्यांतील चालींचे निर्देश एकत्र करावेत. कोणते नाट्यपद, कोणती कव्वाली, कोणते चित्रपटगीत कोणत्या सुमारास खेड्यात इतके रुळले होते की नव्या शब्दांस आधार देऊ शकेल, हे त्यावरून कळेल. विदर्भातील लोकरुचीचा याहून विश्वसनीय कालपट दुसरा मिळणे कठीण. ध्वनिमुद्रण करावयाचे तर ते सभेत, संपूर्ण भजनाचे, चुकलेल्या आणि मागे राहिलेल्या आवाजांसह करावे.

महाराजांच्या पुण्यतिथीस मोझरी येथे दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. इतका वेळ भजन म्हणणारा तो अफाट समुदाय त्या क्षणी एकदम थांबतो. ते मौन कोणत्याही ध्वनिमुद्रिकेत भजनाच्या शेजारी नोंदलेले आमच्या ऐकण्यात नाही.