‘मास्टरस्ट्रोक’ : एका शब्दाची झडती

सीमेपलीकडून येणारी मराठी दैनिके बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद येथील जुन्या मराठी घरांत आजही आवर्जून वाचली जातात. त्यांच्या पहिल्या पानावरील राजकारण बहुतांशी मुंबईचे असते आणि आपल्या मतदानाशी त्याचा काडीचाही संबंध नसतो. तरीही आपण ते वाचतो, कारण ते आपल्या भाषेत असते. या पानावर गेली काही वर्षे एक शब्द उठता-बसता भेटू लागला आहे. तो म्हणजे ‘मास्टरस्ट्रोक’. त्याच्या मागोमाग ‘गेमचेंजर’, ‘चेकमेट’, ‘ट्रम्प कार्ड’, ‘गुगली’ ही मंडळीही येतात. एखाद्या नेत्याने अनपेक्षित आणि धूर्तपणाचा निर्णय घेतला की बातमीदार यांपैकी एक शब्द उचलतो आणि बातमीच्या माथ्यावर ठेवतो. (आमच्या भागात ‘मास्टर’ म्हणजे कपडे शिवणारा, आणि आमच्या वयात ‘स्ट्रोक’ म्हटले की आधी डॉक्टरच आठवतो, हे वाचकांनी विनोदाने घ्यावे.)

या शब्दावर आमचा आक्षेप तो इंग्रजी आहे म्हणून नाही, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. बिदरमध्ये राहून परक्या शब्दांचा विटाळ मानणे हास्यास्पद ठरेल. राजकीय चातुर्यासाठी मराठीने सर्वांत मानाचा म्हणून जपलेला ‘मुत्सद्दी’ हा शब्दच मुळी अरबी-फारसीतून आलेला आहे. जुन्या दफ्तरांत तो साध्या कारकुनाला आणि हिशेबनिसालाही लावीत. सरकारी नोकरीत जन्म गेलेल्या आमच्यासारख्यांना ही माहिती थोडी सुखावणारी आहे. असे शब्द मराठीने घेतले, घासले, आणि त्यांना आपल्या न्यायबुद्धीची धार लावली. ‘मास्टरस्ट्रोक’च्या बाबतीत तसे घडलेले नाही, ही आमची तक्रार आहे.

उदाहरणच पाहू. 23 नोव्हेंबर 2019 रोजी सकाळी मुंबईच्या राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला, तेव्हा त्यास मास्टरस्ट्रोक म्हटले गेले. 26 तारखेस दोघांचेही राजीनामे आले आणि 28 तारखेस उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले, तेव्हा तोच शब्द शरद पवारांच्या नावे जमा झाला. पुढे 30 जून 2022 रोजी एकनाथ शिंदे यांच्याकडे मुख्यमंत्रिपद आणि फडणवीसांकडे उपमुख्यमंत्रिपद गेले, तेव्हा तो पुन्हा तिसऱ्या दिशेला वळला. या तीन घटनांची जात एक नाही. एकीत घाई होती, दुसरीत दीर्घ वाटाघाट होती, तिसरीत पक्षफुटीनंतरची तडजोड होती. तिन्हींना एकच बिल्ला लावल्यावर वाचकाला कळते ते एवढेच की कोणीतरी कोणाला तरी चकविले.

याच प्रसंगांसाठी आपल्या भाषेत काय काय आहे पाहा. धोरणीपणा, दूरदृष्टी, मुत्सद्देगिरी ही एक पायरी. चाणाक्षपणा, हिकमत, शिताफी ही दुसरी, जिथे कौतुक आहे पण आदर राखून ठेवलेला आहे. बेरकीपणा, कावेबाजपणा ही तिसरी. आणि कारस्थान, कपट, पाताळयंत्रीपणा ही तळाची. यांतला शब्द निवडताना लेखकाला नकळत निवाडा द्यावा लागतो, आणि तो चुकला तर वाचक त्याला जाब विचारू शकतो. ‘मास्टरस्ट्रोक’ लिहिणारा निवाडा करीत नाही, टाळी वाजवितो.

यावर कोणी म्हणेल की शह, मात, डाव, सोंगटी हे मराठीतले शब्दही खेळातलेच नव्हेत काय? आहेत खरे. परंतु ‘डाव’ हा शब्द क्रियापदाविना उभा राहत नाही. डाव टाकला, साधला, फसला, उलटला, अंगलट आला, यांतले काहीतरी सांगावे लागते आणि त्यासाठी परिणामाची वाट पाहावी लागते. शिवाय डाव कोणावर टाकला हा प्रश्न त्याच्या पोटातच असतो. ‘मास्टरस्ट्रोक’ मात्र त्याच संध्याकाळी बहाल होतो. ‘मास्टरस्ट्रोक फसला’ असे लिहावे तर शब्द स्वतःलाच खोडून काढतो. तरी आता तेही छापून येऊ लागले आहे. मुळात हा शब्द सिद्धहस्त चित्रकाराच्या वा कारागिराच्या हातासाठी आहे. काम पुरे होऊन डोळ्यांपुढे आल्यावरच तो शोभतो.

‘गुगली’बद्दल मात्र आम्हांस थोडी माया आहे. त्यात फसवणूक कबूल केलेली असते; चेंडू एका बाजूला वळणार असे भासते आणि तो दुसऱ्या बाजूला वळतो. 2023 साली शरद पवारांनी आपल्या चालीला हाच शब्द वापरला आणि आपले सासरे सदू शिंदे हे गुगली टाकणारे गोलंदाज होते याची आठवण दिली. शिंदे भारताकडून 7 कसोटी सामने खेळले होते. तेव्हा तो शब्द त्या घराण्यात हक्काने आलेला म्हणावा लागेल!

बिदरच्या वाचकाला या विषयात मुंबईकडे पाहण्याची फारशी गरज नाही. ख्वाजा महमूद गावान यांच्या मदरशाची भग्न वास्तू आपल्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे. बहमनी सुभ्यांची चाराऐवजी आठ अशी नवी विभागणी करून आणि सुभेदारांच्या हातचे किल्ले कमी करून या वजिराने दरबारातील सरदारांचे हितसंबंध दुखविले. विरोधकांनी त्यांची मोहोर सांभाळणाऱ्यास मद्य पाजून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला. त्यावर ओडिशाच्या राजाला लिहिलेले फितुरीचे पत्र रचले आणि ते सुलतानापुढे ठेवले. 5 एप्रिल 1481 रोजी गावान यांचा शिरच्छेद झाला. त्या दिवशी वृत्तपत्र असते, तर दुसऱ्या दिवशीचा मथळा काय असता हे सांगायला नको. कागद एक, शिक्का एक, आणि सर्वांत बलाढ्य प्रतिस्पर्धी दूर. वर्षभरात सुलतान मरण पावला आणि पुढे राज्याचे पाच तुकडे झाले. या कृत्याला मराठीत कारस्थान म्हणतात, आणि तसे म्हटल्यावर पुढचे पाच तुकडे समजण्यास सोपे जातात.

इंग्रजी शब्दसमूह नेहमीच पोकळ असतात असेही नाही. कधी कधी चतुर निर्णय त्या शब्दांतच असतो. ‘पोलीस ॲक्शन’ हे त्याचे उदाहरण आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी कायमचे बसले. 13 सप्टेंबर 1948 रोजी सोलापूरहून नळदुर्गाच्या वाटेने जे आले ते भारतीय सैन्य होते, रणगाड्यांसह. लष्कराच्या दफ्तरी मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन पोलो’ असे होते. परंतु हैदराबादची तक्रार त्यापूर्वीच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे गेली होती. ‘युद्ध’ म्हटले असते तर दोन राष्ट्रे मान्य करावी लागली असती. ‘पोलीस’ म्हटल्याने तो घरचा बंदोबस्त ठरला. हे खरोखरीचे मुत्सद्दीपण होते, असे आमचे मत आहे.

त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गोरट्याचे रझाकारी हत्याकांड सोसलेल्या या मुलखाला त्या कारवाईने सोडविले, हे खरे. मात्र त्यानंतरच्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळलेले म्हणून नोंदविले आणि मृतांची संख्या किमान 27 ते 40 हजार अशी अंदाजिली. ‘पोलीस ॲक्शन’ या दोन शब्दांत ती माणसे मावत नाहीत. पुष्कळ घरांत ती आठवण या शब्दांमागे झाकलेलीच राहिली.

आता अगदी आपल्या उंबऱ्यावरचा प्रसंग. सप्टेंबर 2020 मध्ये बसवकल्याणचे आमदार बी. नारायणराव यांचे कोरोनाने निधन झाले आणि जागा रिकामी झाली. नोव्हेंबरमध्ये मुख्यमंत्री येडियुरप्पा यांनी मराठा विकास प्राधिकरणाची आणि 50 कोटी रुपयांची घोषणा केली. कन्नड संघटनांनी 5 डिसेंबर रोजी राज्यात बंद पुकारला. मराठा समाज आणि मराठी भाषा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असा खुलासाही सरकारपक्षाकडून झाला. 17 एप्रिल 2021 रोजी पोटनिवडणूक झाली आणि 2 मे रोजी भाजपचे शरणू सलगर निवडून आले. या वेळी मास्टरस्ट्रोकचा पट आपले अंगण होते आणि सोंगट्या आपण होतो. तरीही चौकाचौकात आपलीच माणसे कौतुकाने तोच शब्द उच्चारीत होती, हे आम्ही ऐकले आहे.

सरकारी टिप्पणीत हा शब्द चालत नाही. कोणता निर्णय, कोणत्या नियमान्वये, खर्च कोणत्या शीर्षाखाली, लाभार्थी कोण, विरोध कोणाचा, एवढे लिहून मग खाली सही करायची असते. ती भाषा रुक्ष असेल, पण तिच्यात माणूस गाळता येत नाही. आपली नातवंडे कन्नड आणि इंग्रजी माध्यमांत शिकतात. प्रौढ मराठी त्यांच्या कानी-डोळी पडते ती जवळपास या बातम्यांतूनच. त्यांना ‘मास्टरस्ट्रोक’ मिळेल आणि ‘कावेबाज’ मिळणार नाही, तर उद्या कोणी त्यांना चकविले असता ते त्याचे अभिनंदन करतील.

बसवकल्याणच्या त्या घोषणेत ‘प्राधिकरण’ हा शब्द होता. पुढे त्याचे ‘निगम’ झाले. या दोहोंत कायद्याने, अधिकाराने आणि पैशाच्या वाटेने काय अंतर पडते, हे सांगायला बातमीदाराला एक परिच्छेद पुरला असता. आम्ही तो बरेच दिवस शोधत होतो.