सॅड हिलचं रिंगण

स्पेनच्या बुर्गोस प्रांतात, सांतो दोमिंगो दे सिलोस गावाजवळच्या मिरांदिया खोऱ्यात, हजारो थडग्यांची एक दफनभूमी आहे. तिच्यात कुणालाही पुरलेलं नाही. सेर्जिओ लिओनेच्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६) या चित्रपटाच्या शेवटासाठी कार्लो सिमी या नेपथ्यकारानं ती आखली आणि स्पॅनिश लष्कराच्या जवानांनी उभारली. चित्रीकरण आटोपून युनिट निघून गेलं. सॅड हिल नावाची ही दफनभूमी तिथेच राहिली.

गोष्ट अमेरिकी यादवी युद्धातली. सैनिकांची दफनभूमी दाखवायला सरळ रांगा पुरल्या असत्या. सिमीनं वर्तुळं काढली: एकाबाहेर एक पसरत गेलेली थडग्यांची कडी आणि मधोमध दगडी फरसबंदीचं रिंगण. पाच हजारांच्या आसपास थडगी मांडायची आणि नेमका मध्य रिकामा सोडायचा, यात त्याची खरी प्रतिभा आहे. मेलेल्यांनी गच्च भरलेल्या या माळावर जिवंत माणसांना उभं राहायला तेवढीच जागा उरते. पुरलेल्या सोन्याच्या मागे लागलेले तिघं प्रतिस्पर्धी तिथे समोरासमोर येतात तेव्हा वर्तुळात त्रिकोण उमटतो, आणि रोमन आखाड्याची भव्यता त्या उजाड खोऱ्यात अवतरते.

पण आखाडा दिसण्याआधी त्या तिघांतला टुको धावतो. सोनं पुरलेलं आर्च स्टँटनचं थडगं शोधत टुकोच्या भूमिकेतला एली वॉलॅक आधी चालतो, मग दुडक्या चालीनं निघतो, मग बेभान सुटतो. छायालेखक तोनिनो देल्ली कोल्लीचा कॅमेरा त्याच्यासोबत वळत राहतो. क्रूस विरघळून नुसत्या रेघा होतात. रांगा सरळ असत्या तर धाव कुठेतरी संपली असती. वर्तुळाला टोक नसतं, म्हणून ही हाव अंतहीन वाटते. वर संगीतकार एन्नियो मोरिकोनेचं संगीत, त्यात एद्दा देल्लोर्सोचा शब्दावाचून चढत जाणारा स्वर. टुको थबकतो आणि संगीतही त्याच क्षणी तुटतं. नेपथ्य, कॅमेरा आणि सूर यांनी एकच आकार इतका एकदिलानं गिरवलेला मी क्वचितच पाहिला आहे.

क्रूसही निरखून पाहावेत. ओबडधोबड, घाईत ठोकलेले. युद्धात माणसं पुरायलाही उसंत नसते, हे त्या लाकडातून कळतं. त्यातल्याच एका डुगडुगत्या क्रूसावर, गळ्यात फास अडकवून, टुकोला अखेरीस उभं केलं जातं. इतका वेळ पार्श्वभूमीत असलेलं लाकूड आता एका माणसाचा जीव तोलून धरतं. किती काटकसरीनं साधलेला थरार!

पुढे ते लाकूड गेलं, फरसबंदीवर माती आणि गवत चढलं. तबेर्नासच्या वाळवंटात सिमीनंच लिओनेसाठी उभारलेलं ‘एल पासो’ हे नकली गाव पर्यटकांसाठीच्या खेळांवर तगून राहिलं. सॅड हिलकडे कुणी फिरकत नव्हतं. तरी मातीचे उंचवटे आपली वर्तुळं धरून होते. २०१५ मध्ये स्थानिक चाहत्यांच्या संस्थेनं कुदळ-फावडी घेऊन काम सुरू केलं आणि मातीखालून ती फरसबंदी वर आली. ग्येर्मो दे ऑलिव्हेराच्या २०१७च्या माहितीपटात हा उद्योग पाहायला मिळतो. चाहत्यांना नवे क्रूस ठोकावे लागले. आराखडा मात्र जमिनीनंच जपला होता. आकारातच जीव असलेलं नेपथ्य असं टिकतं.

आता देणगी देऊन तिथल्या एखाद्या क्रूसावर आपलं नाव लिहवून घेता येतं. त्या पैशांनी जागा राखली जाते, हे मोलाचंच आहे. माझी नजर मात्र कोऱ्या क्रूसांवर रेंगाळते. चित्रपटात तिघांतला ब्लाँडी थडग्याचं नाव लिहिल्याचं सांगून एक दगड त्या रिकाम्या रिंगणात ठेवतो. दगडावर काहीच लिहिलेलं नसतं, कारण सोनं आर्च स्टँटनच्या नव्हे, त्याच्या शेजारच्या बिननावाच्या थडग्यात असतं.