मतभेदाची भाषा

पोखरणच्या अणुस्फोटांविषयी 2009 साली आपल्या शास्त्रज्ञांत जो जाहीर वाद झाला, त्याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु वाद शब्दांनीच लढला गेला, आणि शब्दांची पारख करणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे कर्तव्यच होय.

11 मे 1998 रोजी पोखरणला एकाच वेळी तीन स्फोट झाले. त्यांपैकी एक हायड्रोजन बॉम्बच्या जातीचा होता आणि त्याची शक्ती सुमारे 45 किलोटन होती, असे अणुऊर्जा विभागाचे म्हणणे. त्या चाचण्यांत संरक्षण संशोधन संस्थेच्या वतीने प्रमुख जबाबदारी वाहिलेले के. संथानम यांनी ऑगस्ट 2009 मध्ये ते नाकारले. स्फोट अपेक्षित शक्तीपर्यंत पोचला असता तर त्या जागी पुष्कळ मोठा खड्डा पडला असता, हा त्यांचा एक युक्तिवाद. यावर आर. चिदंबरम् व अनिल काकोडकर यांचे उत्तर असे की, खड्डा खडकाच्या जातीवर व स्फोटाच्या खोलीवर अवलंबून असतो; शिवाय नमुन्यांत आढळलेले सोडियम-22 व मँगनीज-54 अणुसंमीलनाची साक्ष देतात.

येथवर हा वाद उत्तम गद्याचा नमुना आहे. विधान, त्याचे कारण आणि त्यावर आक्षेप, असा त्याचा क्रम आहे. तो बिघडला तो पुढे. या क्षेत्रात ‘फिझल’ म्हणजे योजलेल्यापेक्षा फारच कमी शक्तीचा स्फोट. हा परिमाणाचा शब्द आहे. मराठीत त्याला ‘फुसका बार’ म्हटले की दिवाळीतले हसे त्याला चिकटते, आणि ‘किती?’ हा प्रश्न ‘झाला की नाही?’ असा होऊन बसतो. वस्तुतः पी. के. अय्यंगार यांची शंका इंधनाचा किती भाग जळला एवढीच होती. दुसरीकडे पुराव्याची जागा नावांनी घेतली. एका बाजूस अय्यंगार व होमी सेठना, दुसऱ्या बाजूस अब्दुल कलाम. वाचक युक्तिवाद तोलण्याऐवजी थोर माणसे मोजू लागला. मग शंका घेणाऱ्याचा हेतू विचारला गेला, आणि मतभेदाला फुटीचे रूप आले.

यावर कोणी म्हणेल, अशा विषयात गुप्तता अपरिहार्य आहे. आम्हांस ते मान्य आहे. विखंडनातून किती व संमीलनातून किती शक्ती निघाली हे सांगितल्यास यंत्राची रचनाच उघड होण्याचा धोका असतो. पण जेथे पुरावा दाखविता येत नाही, तेथे विश्वास व्यक्तीवर नव्हे, तर तपासणीच्या पद्धतीवर ठेवावा लागतो. गुप्ततेच्या मर्यादेत राहून स्वतंत्र तज्ज्ञांनी हे पुरावे पाहावेत, ही संथानम यांची मागणी म्हणूनच आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. 1998 नंतर भारताने एकही अणुचाचणी केलेली नाही. ज्या आधारावर एवढा मोठा निर्णय उभा आहे, तो आधार तपासू देणे हा कोणाचा अवमान ठरत नाही.

शिक्षकांना आमची विनंती एवढीच की, हा वाद वर्गात टाळू नये. दोन्ही बाजूंची विधाने फळ्यावर मांडावीत, आणि यांत पुरावा कोणता व प्रतिष्ठा कोणती, हे विद्यार्थ्यांकडूनच वेगळे करवून घ्यावे. गद्याचा याहून उपयुक्त धडा आम्हांस तरी ठाऊक नाही.