छायाप्रत आणि वगळलेली प्रस्तावना

संशोधन-ग्रंथालयाच्या विशेष संग्रहातून छायाप्रती मागविणे हे कारकुनी काम होय, असा समज अभ्यासकांत आढळतो. आम्हांस तो मान्य नाही. काय मागावे हे ठरविताच ग्रंथचिकित्सा सुरू होते.

'दि बुद्ध अँड हिज धम्म' हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी लिहिलेली ६ एप्रिल १९५६ ची प्रस्तावना त्या आवृत्तीत आलीच नाही. भगवान दास यांनी ती १९८० साली प्रकाशात आणली. दादा केळुसकरांनी दिलेल्या बुद्धचरित्रामुळे आपण बुद्धाकडे कसे वळलो, हे बाबासाहेब तीत सांगतात. हा ग्रंथ तीन ग्रंथांच्या संचातील एक असून बुद्ध व कार्ल मार्क्स आणि प्राचीन भारतातील क्रांती व प्रतिक्रांती हे इतर दोन ग्रंथांचे विषय होत, हेही तेथेच कळते.

वलगावहून मुंबईस पत्र धाडणाऱ्या अभ्यासकाने 'पहिल्या आवृत्तीच्या आरंभीच्या पानांची छायाप्रत पाठवावी' एवढेच लिहिले, तर एकही पान गहाळ होणार नाही आणि तरीही ही प्रस्तावना त्याच्या हाती पडणार नाही. ग्रंथपालास बोल लावता येत नाही. मागितले ते त्याने दिले. (झेरॉक्सचा व टपालाचा भुर्दंड मात्र विद्यार्थ्यास!) म्हणून ग्रंथाची हस्तलिखिते, टंकलिखिते वा मसुदे संग्रहात नोंदलेले आहेत काय, हे आधी विचारावे. प्रकाशन-तपशिलाचे पान आवर्जून मागावे. प्रतीवर संग्रहाचे नाव व नोंदक्रमांक लिहून घ्यावा. प्रस्तावनेचा आधार देऊन ती कोठून घेतली हे न सांगणारा लेख आम्ही पुरावा म्हणून स्वीकारीत नाही.