खरेदीचा हक्क आणि रांगेतला माणूस

'हक्क' हा शब्द दलित चळवळीने फार मोठी किंमत देऊन मिळविलेला आहे. म्हणून एखादी राजवट हा शब्द वापरते तेव्हा तो कोणाच्या बाजूने बोलतो आहे, हे तपासणे मला आवश्यक वाटते. ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८० साली गृहनिर्माण कायदा केला. नगरपालिकेच्या घरात किमान तीन वर्षे राहिलेल्या भाडेकरूला ते घर बाजारभावापेक्षा ३३ ते ५० टक्के कमी किमतीत विकत घेता येईल आणि नगरपालिकेला नाही म्हणता येणार नाही, असे त्यात ठरले. या तरतुदीचे नाव 'खरेदीचा हक्क'. पुढे फ्लॅटवरील सवलत ७० टक्क्यांपर्यंत गेली. एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे २० लाख घरे अशी विकली गेली.

भाडेकरूला मालक व्हावेसे वाटले, यात पाप नाही. नगरपालिका काही मायाळू घरमालक नव्हती. साध्या दुरुस्तीसाठीही कचेरीची वाट पाहावी लागे. जन्मभर दुसऱ्याच्या जागेत राहिलेल्या कामगाराला छप्पर आपल्या नावावर हवे असते. ज्यांचे वाडे आणि बंगले पिढीजात आहेत, त्यांनी या इच्छेला हाव म्हणणे हा दांभिकपणा आहे. माझा आक्षेप खरेदी करणाऱ्यावर नाही. हक्काच्या मांडणीवर आहे.

हक्काचे लक्षण कोणते? एकाने तो बजावला म्हणून दुसऱ्याचा संपत नाही. मी मत दिल्याने शेजाऱ्याचे मत बाद होत नाही. चवदार तळ्याचे पाणी एकाने प्याल्याने दुसऱ्याचा अधिकार आटत नाही. खरेदीचा हक्क मात्र वापरला की संपतो, आणि पुढच्याचाही संपवतो. समर्थक म्हणतात, भाडेकरू तिथे राहतच होता. मग घर गेले कुठे? पण तो भाडेकरू उद्या घर सोडून गेला असता, तर तेच घर यादीतल्या दुसऱ्या कुटुंबाला मिळाले असते. विक्रीने ही वाट बंद होते. ती उघडी ठेवायची तर विकलेल्या घराच्या जागी दुसरे घर उभे राहिले पाहिजे. नेमकी हीच अट १९८०च्या कायद्यात नव्हती.

उलट विक्रीच्या पैशावर सरकारने निर्बंध घातले. १९९० पासून त्यातील ७५ टक्के रक्कम कर्जफेडीसाठी बाजूला ठेवण्याची सक्ती झाली. २०१२ साली सवलतीची मर्यादा ७५ हजार पौंडांपर्यंत वाढविताना, जादा विकल्या जाणाऱ्या प्रत्येक घरामागे एक नवे घर बांधू, असे वचन देण्यात आले. पण नव्या घराच्या खर्चापैकी ३० टक्केच या पैशातून उचलता येत आणि तेही तीन वर्षांच्या आत. उरलेले ७० टक्के नगरपालिकेने कोठून आणायचे? अर्ध्या किमतीत विकलेल्या घराच्या पैशात पूर्ण किमतीचे घर बांधता येत नाही, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. वचन पाळले गेले नाही.

आता मिळाले कोणाला, ते पाहू. बाग-अंगणाची घरे जास्त विकली गेली; उंच इमारतींतले फ्लॅट मागे राहिले. आणि या फ्लॅटांत कोणाला घातले होते? लंडनच्या हॅकनी भागातील घरवाटपाची वंशसमानता आयोगाने चौकशी केली. १९८४च्या अहवालात, कृष्णवर्णीय कुटुंबांना गोऱ्यांपेक्षा निकृष्ट घरे दिली गेल्याचे आढळले. असा भेद जिथे होता, तिथे सवलतीच्या विक्रीने तो मालमत्तेत कायम केला. गावकूस ज्यांनी भोगले आहे त्यांना ही रचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पुढे विकलेली अनेक घरे खाजगी घरमालकांच्या हाती गेली. तिथल्या गरीब भाडेकरूंचे वाढीव भाडे सरकारच अनुदानातून भरू लागले.

स्कॉटलंडने २०१६ साली आणि वेल्सने २०१९ साली हा हक्क रद्द केला. इंग्लंडने २०२४च्या नोव्हेंबरमध्ये सवलत मोठ्या प्रमाणात घटविली आणि विक्रीचा सगळा पैसा नगरपालिकांकडे राहू दिला. हे शहाणपण यायला चव्वेचाळीस वर्षे लागली.

आपल्याकडेही हा प्रश्न दाराशी आहे. मुंबईच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या सरकारी खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळते आहे. वरळीत २०२५च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. ही विक्री नाही, पुनर्विकास आहे. पण सरकारी भाड्याची खोली खाजगी मालकीची होते, हे तिथेही खरेच. गिरणगावात राबलेल्या, १९७४ची दंगल सोसलेल्या या वस्तीला ते घर मिळालेच पाहिजे. मात्र जादा बांधलेली घरे खुल्या बाजारात विकली जाणार आहेत. मग आज मराठवाड्यातून येणाऱ्या मजुराने कोणत्या सरकारी खोलीत राहायचे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची ठेवून, जातिधर्माचा भेद न करता ती गावकऱ्यांना कसायला द्यावी, अशी मांडणी केली. विषय शेतीचा होता. पण सार्वजनिक मालकी ही दुर्बलाची ढाल असते हे तत्त्व घरालाही लागू पडते, असे मी मानतो. म्हणून आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. भाडेकरूला मालकी द्या. पण त्याच कायद्यात, त्याच कलमात, पुढच्या माणसाच्या भाड्याच्या घराची जागा, पैसा आणि मुदत लिहा. ज्या हक्काच्या हिशेबात रांगेतला माणूस नाही, तो हक्क नव्हे. ती सवलत आहे.