'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' : एका आजारपणाची प्रेमकथा

मराठी प्रेमकादंबरीतला आजार बहुधा लेखकाच्या सोयीचा असतो. नायिकेला क्षय होतो, नायक उशाशी बसतो आणि शेवटच्या प्रकरणात ती सुंदर मरते. औषधाचे पैसे कोठून आले, रात्री जागले कोण, हे प्रश्न तिथे उद्भवत नाहीत. एरिक सीगलच्या 'लव्ह स्टोरी'तही (१९७०) आजार तिचा, पण डॉक्टर तो आधी सांगतो नवऱ्याला! ज्यांच्या घरात आजार म्हणजे बुडालेली मजुरी, त्या आपल्या वाचकाला हे दुःख परकेच वाटणार.

म्हणून वर्ध्याकडच्या माझ्या विद्यार्थ्यांना मी कादंबरी नव्हे, एक आत्मकथन वाचायला सांगतो. माईसाहेब आंबेडकरांचे 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' (१९९०). आपण या पुस्तकाकडे आजवर कोर्टातल्या जबानीसारखे पाहिले. माई खऱ्या की खोट्या, एवढेच शोधले. प्रेमकथा म्हणून ते फारसे कोणी वाचलेच नाही.

डॉ. शारदा कबीर मुंबईत डॉ. मालवणकरांच्या दवाखान्यात काम करीत. बाबासाहेब तेथे रुग्ण म्हणून आले. मधुमेह, संधिवात, पायांच्या वेदना. आणि तिकडे दिल्लीत घटनेच्या मसुद्याचे काम. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत नोंदणी पद्धतीने विवाह झाला. त्याआधीच्या पत्रव्यवहारात प्रकृतीची काळजी आणि मनाची ओढ वेगवेगळी काढता येत नाही. चंद्र-चांदण्याची भाषा इथे नाही. इन्शुलिन, पथ्य, झोप हीच या प्रेमाची भाषा आहे. समोरच्या माणसाचे मोठेपण माईंना पुरते ठाऊक आहे, तरी त्यांची नजर त्याच्या ताटावर असते. आपल्याला बाबासाहेबांचा पुतळा पाहण्याची सवय. बोट उंचावलेला, ताठ. हे पुस्तक त्यांचे दुखरे पाय दाखवते. त्याने बाबासाहेब लहान होत नाहीत. एवढ्या वेदनेत त्यांनी काय काय लिहिले, याचा हिशेब तेवढा पहिल्यांदा लागतो.

आमच्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला, गांधीजींनी कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींची शुश्रूषा केली. तिचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. गांधीजींशी आपले मतभेद कितीही तीव्र असोत, ती सेवा खोटी म्हणण्याचे कारण नाही. पण पुरुषाने केलेली शुश्रूषा तपश्चर्या ठरते आणि बायकोने केलेली कर्तव्य. ती बायको ब्राह्मण घरातून आलेली डॉक्टर असली, की मग संशय. 'द बुद्ध अँड हिज धम्म'साठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपल्या विझू पाहणाऱ्या प्राणज्योतीला सावरण्याचे श्रेय पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिले होते. १९५७ साली ग्रंथ निघाला तो या प्रस्तावनेवाचून. पुढे १९८० साली भगवान दास यांनी ती प्रसिद्ध केली. रुग्णाची स्वतःची साक्ष तेवीस वर्षे सामान्य वाचकापर्यंत पोचली नाही! जन्मावरून माणसाचे माप काढणे ही रीत आपण ज्यांची म्हणतो, त्यांच्याच मापाने आपण या बाईला मोजले नाही काय?

पुस्तक निर्दोष आहे असे मात्र नाही. आरोपांना उत्तरे देताना निवेदन वकिली वळणावर जाते आणि मघाची कोवळीक करपते. पत्रे वगळली तर इथे डॉक्टर बोलते, रुग्ण गप्प असतो. त्याची वेदना आपल्याला डॉक्टरच्या नजरेतूनच कळते.

आणि रमाई? २७ मे १९३५ रोजी त्या दीर्घ आजाराने गेल्या. त्याआधी चार लेकरे गेली होती. त्यांच्या आजारपणाचे असे पानोपानी टिपण कोणी ठेवले नाही. १९४० सालचा 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ बाबासाहेबांनी आपल्या 'रामू'च्या स्मृतीस अर्पण केला, त्या अर्पणपत्रिकेतून त्यांच्या ओढीचा थोडा अंदाज येतो. माझ्या आजीच्या पिढीतल्या बायका तापाने फणफणलेल्या नवऱ्यापाशी रात्रभर बसत, घरात थर्मामीटर नसे, आणि उजाडताच कापूस वेचायला जात. त्यांच्यावरची प्रेमकादंबरी अजून माझ्या वाचनात नाही. आपल्यापैकी कोणी ती लिहायला घेतलीच, तर माईंचे पुस्तक शेजारी ठेवावे. रुग्णाला काय खाऊ घातले आणि त्याने ते कसे नाकारले, हे त्या किती बारकाईने सांगतात तेवढे तरी पाहून घ्यावे.