चेंडू आमच्या घरी उशिरा पडतो



संयोजकांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही सांगितलं, ‘घरबसल्या सामना’. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग हळूच विचारणा झाली, “सर, म्हणजे तत्त्वज्ञानातला संघर्ष वगैरे का?” नाही हो. खराखुरा सामना. चेंडूचा, पंचाच्या शिट्टीचा. आणि तोही बिनाकेबलचा. चाळीस वर्षं फळ्यावर कांट लिहिला, आता या वयात जे रोज डोळ्यांपुढं घडतं त्यावर बोलावं असं वाटतं.

आमच्या घरातली केबल 2019 साली गेली. त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून ट्रायचे नवे दर लागू झाले. पहिल्या शंभर वाहिन्यांचे 130 रुपये, वर कर, आणि पैसे घेणाऱ्या वाहिन्या वेगळ्या मोजायच्या. आम्ही वही घेऊन हिशेबाला बसलो. घरात खरोखर पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्या भरल्या साडेतीन. मुहूर्तासारख्या. केबल काढली, इंटरनेट घेतलं, आणि मुलानं दिवाळीत आणून दिलेल्या टीव्हीवर सगळं त्यातूनच पाहायला लागलो.

मग 28 फेब्रुवारी 2025चा दिवस आला. जामठ्याला रणजीची अंतिम लढत, आपला विदर्भ आणि केरळ. आपल्या 379 धावा झालेल्या. केरळचा कप्तान सचिन बेबी 98 वर खेळत होता आणि आमचा जीव टांगणीला लागलेला. एवढ्यात शेजारच्या घरातून पोट्ट्यांचा गलका उठला. त्यांच्याकडं छत्री आहे, म्हणजे डिश. आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून हातातला चेंडू पुसत होता. खिडकीतून एक डोकं आत आलं.

“आबाजी, तुमच्या इकडं अजून टाकलाच नाही काय बॉल? आउट झाला ना तो कवाचाच!”

आम्ही मान डोलावली आणि पडद्याकडं पाहत बसलो. चेंडू पडला, सचिन बेबी बाद झाला. आनंद झाला, नाही असं नाही. पण तो शिळा होता. केरळ 342 वर आटोपला, 37 धावांच्या आघाडीवर विदर्भानं करंडक नेला, आणि त्या पाच दिवसांत आमच्या घरी बहुतेक चेंडू शेजारच्यांनंतर पडले.

हे असं का होतं, ते एका जुन्या विद्यार्थ्यानं आम्हाला समजावून सांगितलं. इंटरनेटवरून येणारं चित्र सलग येत नाही. त्याचे काही काही सेकंदांचे तुकडे करतात. संत्र्याच्या फोडी कराव्यात तशा. एकेक फोड इकडं येते, आणि आपला टीव्ही दोन-चार फोडी जमा झाल्याशिवाय पहिली तोंडात टाकत नाही, कारण मध्येच फोड आली नाही तर चित्र थांबेल. या साठवणुकीतच वीस, तीस, कधी चाळीस सेकंद जातात. उपग्रहावरून येणाऱ्या चित्रालाही वेळ लागतो, पण त्या मानानं बराच कमी. म्हणजे आमच्या पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका लावून ‘लाइव्ह’ असं लिहिलेलं असतं, ते खरं नसतं. आमची या कंपन्यांकडं एकच मागणी आहे. ठिपका काढा आणि तिथं आकडा लिहा, ‘34 सेकंद मागे’. दुधात पाणी किती, ते भांड्यावर लिहायला काय हरकत आहे?

कोणी म्हणेल, सर, तीस सेकंदांनी काय बिघडतं? चित्र तेच, खेळ तोच. इथं आम्हाला अ‍ॅरिस्टॉटल आठवतो. त्याच्या तर्कशास्त्रावरच्या एका पुस्तकात, नवव्या प्रकरणात, एक प्रश्न आहे. ‘उद्या समुद्रावर लढाई होईल’ हे वाक्य आज खरं आहे की खोटं? उद्या उजाडल्यावर ते ठरेलच. पण आज? आजच खरं असेल तर सेनापतींनी मसलती कशाला करायच्या? सामना पाहणारा माणूस नेमका या प्रश्नाच्या आत बसलेला असतो. चेंडू हवेत आहे, अजून काहीच खरं नाही, आणि म्हणून आपण हात जोडतो, पाय हलवायचा नाही असं ठरवतो, खुर्ची बदलत नाही. आता तुमच्या हवेतला चेंडू शेजारच्या घरात कधीच पडून गेलेला आहे. तुम्ही हात जोडताय ते झालेल्या गोष्टीसाठी.

आणि थेट प्रक्षेपणाचं नाव निघालं की आपल्याकडं कोणीतरी संजयला उभा करतंच. संजय म्हणे पहिला समालोचक. हे आम्ही किती भाषणांत ऐकलं असेल, गणती नाही. पण भीष्मपर्व उघडून बघा. व्यास संजयला दिव्यदृष्टी देतात, हे खरं. त्यानंतर मात्र पहिल्या दिवसापासून ओळीनं समालोचन सुरू होतं असं नाही. संजय रणांगणावरून धावत धृतराष्ट्राकडं येतो आणि आधी निकाल सांगतो की भीष्म पडले. ती दहाव्या दिवसाची गोष्ट. धृतराष्ट्र शोक करतो, हे कसं झालं म्हणून विचारतो, आणि मग संजय मागं जाऊन पहिल्या दिवसापासून सांगायला लागतो. गीतासुद्धा त्याच मागं जाऊन सांगण्यात येते. म्हणजे धृतराष्ट्रानं अठरा अध्याय ऐकले ते भीष्म पडल्याचं ठाऊक असताना. त्याच्या शेजारच्या पोट्ट्यांनी आधीच गलका केलेला होता! संजय थेट प्रक्षेपणवाला नव्हे. आमच्या इंटरनेटशी मात्र त्याचं बरंच जुळतं.

मग थेट प्रक्षेपणाला नेमकं काय द्यायचं होतं? आमच्या मते, एकाच वेळी सगळ्यांनी श्वास रोखणं. 1936 सालचं बर्लिन ऑलिंपिक हे दूरचित्रवाणीवर थेट दाखवलेलं पहिलं ऑलिंपिक. घरोघरी यंत्रं नव्हती, शहरात सार्वजनिक खोल्या केल्या होत्या आणि लोक तिथं जमून पाहायचे. त्याच ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा पदकाचा खेळ म्हणून खेळला गेला. 1891 साली स्प्रिंगफील्डच्या कॉलेजात ज्यांनी तो शोधून काढला, ते जेम्स नेस्मिथ स्वतः तिथं हजर होते. आणि आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही त्या वर्षी बर्लिनला जाऊन कबड्डीसकट आपले खेळ दाखवून आलं. नाझींचा तमाशा होता तो, हे विसरायचं कारण नाही. पण खेळ थेट दाखवायला सुरुवात झाली तीच चार अनोळखी माणसं एका खोलीत बसवून, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आपल्याकडं अंगणात टीव्ही आणून ठेवायचे, ते तुमच्यातल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना आठवत असेल. तेव्हा चित्रात मुंग्या दिसायच्या, पण साऱ्या गल्लीत एकाच वेळी.

आता थोडं कायद्याचं. 2007 साली आपल्या संसदेनं एक कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं थेट चित्र खासगी वाहिनीनं प्रसार भारतीला द्यायचं, म्हणजे ज्याच्याकडं पैसे भरायची सोय नाही त्यालाही ते दूरदर्शनवर दिसेल. पुढं भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑगस्ट 2017 मध्ये निकाल लागला की हे चित्र दूरदर्शननं स्वतःच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणातून आणि स्वतःच्या मोफत डिशवरून दाखवावं, केबलवाल्यांच्या तारेतून ते जाऊ नये. गंमत बघा. केबलला पैसे भरणारा वंचित, आणि ज्याच्या कौलावर एकदाच पैसे देऊन बसवलेली फ्री डिश आहे तो सामना पाहतोय. इथं आपल्या घाटाखालच्या मळ्यांत, रोपवाटिकांच्या झोपड्यांवर तुम्हाला या छत्र्या दिसतील. संत्र्याच्या कलमा बांधणारा मजूर दुपारी जे पाहतो, ते आमच्यासारख्या निवृत्तिवेतनवाल्यापेक्षा आधी आणि फुकट पाहतो. आम्हाला हे आवडतं. बिनाकेबलचा खरा मानकरी तोच.

अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉलचं काय झालं, तेही जाता जाता सांगतो, कारण त्यातून आपल्याला शहाणं होता येईल. कॉलेजच्या बास्केटबॉलचा सामना तिथं पहिल्यांदा टीव्हीवर दिसला तो 28 फेब्रुवारी 1940ला, न्यूयॉर्कमधून. पाहणारी यंत्रं अगदी थोडी. पुढं 2010 साली तिथल्या मार्च महिन्यातल्या स्पर्धेचे हक्क 14 वर्षांसाठी 10.8 अब्ज डॉलरला विकले गेले. खेळणारी पोरं कॉलेजची, विद्यार्थी. त्यांना कॉलेजांनी थेट पैसे द्यायची परवानगी मिळाली ती 2025च्या जुलैपासून. आणि अंतिम सामना दोन कंपन्यांत आलटून पालटून वाटलेला. एका वर्षी तो साध्या अँटेनावर फुकट दिसतो, दुसऱ्या वर्षी पैसे घेणाऱ्या वाहिनीवर जातो. आमचा एक विद्यार्थी तिकडं असतो. त्यानं केबल तोडली आणि तिच्या बदल्यात चार वर्गण्या भरायला लागला. आम्ही म्हटलं, अरे, तू केबल तोडली नाहीस, तिच्या चार दोऱ्या केल्यास.

आपल्याकडं कॉलेजच्या खेळाचा रोग उलटा आहे. तो कोणी विकतच घेत नाही. खेलो इंडियाच्या विद्यापीठ स्पर्धा 2020 साली भुवनेश्वरला सुरू झाल्या, त्या दूरदर्शनवर दिसतात. बाकी आंतरविद्यापीठ सामने, विभागीय सामने, ज्यांत खेळाडू खरे घडतात, ते बहुतेक कोणाच्याच घरी पोचत नाहीत. पोरं रेल्वेनं दोन रात्री प्रवास करून जातात, खेळतात, हरतात-जिंकतात आणि परत येतात. घरच्यांना कळतं ते फोटोतून. आणि इथं, मंडळी, आम्हाला आमची तक्रार थोडी मागं घ्यावी लागते, कारण या फोडी करून पाठवण्याच्या तंत्रानंच ही दारं उघडली. एक फोन, एक तिपाई, एक उत्साही पोट्टा, एवढ्यावर सामना आता जगभर जातो.

आमची नात बास्केटबॉल खेळते. तिच्या विद्यापीठाच्या संघातून ती परराज्यात आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेली होती. यजमानांचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. एकच कॅमेरा होता, तोही एका जागी बांधलेला. अर्धा वेळ एका बास्केटसमोर कोणाचं तरी डोकं. गुणफलक दिसत नव्हता, तो समालोचन करणाऱ्या मुलाच्या आवाजातून गोळा करायचा, आणि तो मुलगा मध्येच पाणी प्यायला जायचा. इतकं भिकार चित्र आम्ही आयुष्यात पाहिलं नसेल. आणि इतक्या एकाग्रतेनंही कुठलं पाहिलं नसेल.

आमच्या घरच्यांचे गुडघे गेलेले. नातीचा एकही सामना त्यांनी मैदानावर पाहिलेला नाही. त्या सोफ्यावर बसल्या होत्या, मांडीवर निवडायची मेथी. शेवटची चार सेकंदं उरली, आपण दोन गुणांनी मागं, आणि नातीला धक्का लागल्यामुळं दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही गेले तर बरोबरी आणि जादा वेळ. आणि चित्र थांबलं. ते गोल गोल फिरणारं चक्र आलं. एक मिनिट गेलं असेल. तेवढ्यात आमच्या हातातल्या फोनवर संदेश आला. तिच्या मैत्रिणीचे वडील तिथं मैदानावर होते. त्यांनी लिहिलं होतं, ‘एका पॉइंटनं गेली मॅच’.

तेवढ्यात चित्र सुरू झालं, जिथं थांबलं होतं तिथूनच. नात रेषेवर उभी, चेंडू दोनदा जमिनीवर आपटतेय.

आता बघा, एका सोफ्यावर दोन माणसं. एकाला माहीत आहे, दुसरीला नाही. आम्ही तर्कशास्त्र शिकवलेले. दोन गुणांनी मागं असलेला संघ एका गुणानं हरला, म्हणजे एक फ्री थ्रो गेला आणि एक चुकला. हे आम्हाला पडद्याआधी कळलं होतं. कुठला चुकला, एवढंच कळायचं बाकी होतं. घरच्यांनी मेथी बाजूला ठेवली आणि हात जोडले. झालेल्या गोष्टीसाठी हात जोडण्याबद्दल आत्ताच आम्ही तुम्हाला काय काय सांगितलं, ते आठवतंय ना? त्या क्षणी आम्हाला त्यातलं काही सुचलं नाही. आम्ही फोन उपडा करून मांडीखाली घातला. संजय बोलला होता, आम्ही बोललो नाही.

पहिला गेला. कड्याला न शिवता, सरळ. घरच्या ओरडल्या, “पाह्यलं का? पाह्यलं का?” आणि खरं सांगतो, आम्हीही ओरडलो. निकाल मांडीखाली होता, तरी ओरडलो. मग दुसरा. कड्यावर आपटला, वर उडाला, आणि कॅमेऱ्यापुढं ते डोकं आलं.

डोकं बाजूला झालं तेव्हा समोरचा संघ नाचत होता. घरच्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “एक तरी गेला ना तिचा. थांबा, लगेच फोन करू नका, रडत असेल.” आणि मेथीची जुडी परत पुढं ओढली. अर्ध्या तासानं नातीचाच फोन आला. पहिला प्रश्न तिचा, “आजी, तुले दिसलं का?”

आजी म्हणाल्या, “सारं दिसलं.” ते डोकं वगळून, असं काही त्या बोलल्या नाहीत.

मांडीखालच्या त्या संदेशाची गोष्ट घरच्या आज पहिल्यांदा ऐकतायत. त्या घरी बसून हे व्याख्यान इंटरनेटवरच पाहतायत, म्हणजे तिकडं अजून अर्धं मिनिट बाकी आहे. तेवढ्यात कोणाला प्रश्न विचारायचे असतील तर विचारून घ्या.